फुकट्यांचं करायचं काय? (२४ फ्लॅट, एक टाकी आणि पैसे देणारे १३)

सचिव_नाइलाजाने | २८ मार्च, रात्री १०:४२

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमची २४ फ्लॅटची सोसायटी आहे. दोन वर्षांपूर्वी कोणीच तयार होईना म्हणून सचिवपद माझ्या गळ्यात पडलं. आयडी त्यावरूनच घेतलाय.

मुद्दा पाण्याचा आहे. एप्रिल-मेमध्ये बोअर आटते, नळाचं पाणी पुरत नाही, मग दिवसाआड दहा हजार लिटरचा टँकर. एकाचे सोळाशे. दोन महिन्यांत तीस टँकर, म्हणजे ४८ हजार. घरटी बरोबर दोन हजार.

गेल्या वर्षी १९ जणांनी दिले. ३८ हजारांत २३ टँकर आले, बाकीचे दिवस बादल्या मोजत काढले. या वर्षी आजपर्यंत फक्त १३ घरांचे आलेत. न देणारे जुने पाच आहेतच. पण गेल्या वर्षी न मागता देणारे सहा जण या वर्षी दारात गेलं की "बघू", "पगार होऊ द्या" असं म्हणतायत. त्यातले एक काका गेल्या वर्षी सगळ्यांत आधी पैसे घेऊन आले होते. काल म्हणाले, "३०२ वाला देतो का? मग मीच काय घोडं मारलंय?"

टाकी एकच, पाइप एकच. न देणाऱ्याचं पाणी वेगळं तोडता येत नाही, आणि आलं तरी तोडू नका असं ओळखीच्या वकिलांनी बजावलंय.

पाच जणांचं मला नवल नाही. असे पाच सगळीकडे असतात. मला त्या सहा जणांचं कोडं पडलंय. कुठे कोणी हे सोडवलं असेल तर सांगा. "लोकांची मानसिकताच खराब" सोडून काहीही चालेल, ते मी रोज लिफ्टमध्ये ऐकतो.

---

चहाबाज | २८ मार्च, रात्री १०:५५

गेटवर फळा लावा. नावं, फ्लॅट नंबर, थकबाकी. आठ दिवसांत पैसे.

---

अडाणी_वकील | २८ मार्च, रात्री ११:२०

आधी एक सांगा, टँकरच्या वर्गणीचा सर्वसाधारण सभेत ठराव झालाय का? नसेल तर ती वर्गणी नाही, देणगी आहे, आणि देणगी न देणारा थकबाकीदार होत नाही.

ठराव असेल तर रक्कम बिलात घाला. उपविधीप्रमाणे व्याज लागेल, नोटीस काढता येईल, शेवटी सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली उपनिबंधकांकडे वसुली दाखल्याचा अर्ज करता येईल. पण दोन हजारांसाठी एवढ्या चकरा कोण मारणार? तुम्हीच. म्हणजे फुकट्याला सरळ करण्याचं कामही एकट्याच्याच डोक्यावर येतं आणि फायदा चोवीस जणांचा. तिथेही बाकीचे तेवीस फुकटेच की.

---

मास्तर_गंगापूररोड | २९ मार्च, सकाळी ७:१५

वकीलसाहेबांचं शेवटचं वाक्य म्हणजे या सगळ्या विषयाची गाठ आहे. मी अर्थशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

एक खेळ आहे. चौघे जण, प्रत्येकाला २० नाणी. हवी तितकी मधल्या भांड्यात टाकायची. भांड्यात पडतील त्याच्या १.६ पट करून चौघांना सारखी वाटायची. सगळ्यांनी २० टाकली तर प्रत्येकाला ३२ मिळतात. तिघांनी टाकली आणि एकाने काहीच टाकलं नाही, तर त्याची स्वतःची २० आणि वाट्याची २४ मिळून ४४ होतात, आणि टाकणाऱ्यांना २४. शहाणा कोण ठरला? तोच. आणि चौघेही तसेच शहाणे निघाले तर प्रत्येकाकडे २० च्या २०.

झुरिकच्या एर्न्स्ट फेर आणि सिमॉन गेख्टर यांनी हा खेळ विद्यार्थ्यांकडून खेळवून घेतला. पहिल्या फेरीत लोक बरंच टाकतात. मग फेरीगणिक आकडा उतरत जातो आणि दहाव्या फेरीला भांडं जवळपास रिकामं. सचिवसाहेब, तुमची १९ ची १३ झाली ती हीच उतरण. तुम्ही फक्त दुसऱ्या फेरीत आहात.

आता तुमच्या सहा जणांबद्दल. २००१ मध्ये याच मंडळींनी फिशबाखर नावाच्या सहकाऱ्याबरोबर ४४ विद्यार्थ्यांना विचारलं, की बाकीच्यांनी इतकं टाकलं तर तू किती टाकशील? साधारण निम्मे म्हणाले, ते जितकं टाकतील त्या मानाने मी. सुमारे ३० टक्के म्हणाले, कोणी कितीही टाको, मी शून्य. डोळे मिटून देणारा दानशूर वर्ग जवळजवळ नाहीच. तुमचे काका दानशूर नाहीत आणि फुकटेही नाहीत. ते बघून देणारे आहेत. ३०२ वाला बुडवतो तो आकडा दोन हजारांचा. पण तो बुडवताना काकांना दिसतो, त्याची किंमत बारा हजार.

---

सातपूरचा_फिटर | २९ मार्च, सकाळी ९:०५

मास्तर, कडक. आमच्या लाइनला आठ जणांचा मिळून बोनस आहे. कोण हात राखून काम करतो ते आठांना पक्कं माहीत असतं, चहाच्या सुट्टीत त्याची हजेरी घेतली जाते, दुसऱ्या दिवशी गडी सरळ. मधे मॅनेजमेंटने साठ जणांचा एकच बोनस केला होता. मग कोणाची हजेरी कोण घेणार भाऊ? सहा महिन्यांत गुंडाळला.

---

चहाबाज | २९ मार्च, सकाळी ९:३०

म्हणजे माझा फळा बरोबर ना?

---

नवी_भाडेकरू | २९ मार्च, दुपारी १:४८

मी या सोसायटीत राहत नाही, पण अशाच एका सोसायटीतली 'फुकटी' आहे. माझी बाजू ऐका.

मी एकटी राहते, सकाळी आठला जाते, रात्री आठला येते. दोन बादल्यांत दिवस निघतो. वरच्या फ्लॅटमध्ये सात माणसं आणि गाडी धुण्याचा पाइप. दोघांनाही सारखेच पैसे. मी म्हटलं माणशी घ्या, तर सेक्रेटरी म्हणाले, असं मोजत बसलो तर झालंच. मी द्यायचं थांबवलं. ग्रुपवर माझं नाव लाल अक्षरात आलं. मग मी सोसायटीच्या कशातच भाग घेतला नाही, झेंडावंदनालासुद्धा खाली उतरले नाही.

सचिवसाहेब, तुमच्या पाचात माझ्यासारखे किती आहेत, विचारलंत का कधी?

---

सचिव_नाइलाजाने | २९ मार्च, रात्री ९:१०

ताई, खरं सांगतो, आधी राग आला. मग यादी काढून बसलो. पाचातले दोन फ्लॅट वर्षभर कुलूपबंद आहेत. मालक एक पुण्याला, एक दुबईला. त्यांनी थेंबही वापरलेला नाही आणि मी दोन वर्षं त्यांना फुकट्यांत मोजतोय.

उरले तीन. एका घरी आजी एकट्या असतात, मुलगा पैसे पाठवेल तेव्हा देतो म्हणतात. उरलेले दोघं मात्र अस्सल. ३०२ च्या घरासमोर तर दर रविवारी गाडीला अभ्यंगस्नान असतं.

---

भिशीवाली | २९ मार्च, रात्री ९:४०

आम्ही इंदिरानगरच्या बारा जणी, नऊ वर्षं भिशी चालू आहे, एकदाही बुडाली नाही. माझे मिस्टर म्हणतात तुम्ही एकमेकींवर विश्वास ठेवता म्हणून. अजिबात नाही हो! विश्वास असता तर नियम कशाला लागले असते.

भिशीत धोका कुठे असतो? ज्या बाईला पहिल्या महिन्यात सगळी रक्कम मिळाली, तिने पुढचे अकरा हप्ते का भरायचे? म्हणून नवीन येणारीला पहिल्या वर्षी शेवटचा नंबर. आधी अकरा वेळा भर, मग उचल. जुन्यांची चिठ्ठी निघते, पण एकदा हप्ता उशिरा दिला की पुढच्या वर्षी ती आपोआप खालच्या नंबरावर. भांडण नाही, बोलणं नाही. तिलाही कळतं, आम्हालाही कळतं. आणि पैसे चहाच्या टेबलावर सगळ्यांसमोर मोजायचे. ऑनलाइन पाठवते म्हणणारीला आम्ही नाही म्हणतो. ये, बस, पोहे खा आणि समोर दे.

---

कोळवणकाठ | ३० मार्च, सकाळी ६:३०

पाण्याचा विषय निघालाय आणि नाशिकचे लोक वाघाडचं नाव घेत नाहीत? दिंडोरी तालुक्यात, आपल्यापासून तासाभरावर.

वाघाड धरणाच्या कालव्याच्या टोकाला ओझरचे शेतकरी. टोकाला म्हणजे कागदावर लाभक्षेत्रात, पण पाणी येणार ते वरच्यांनी दारं धरून उरलं तर. वरचा रात्रीत चारी फोडणार, खालचा अर्ज करत बसणार. नव्वदच्या सुमारास समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी या टेलच्या लोकांना एकत्र आणून पाणी वापर संस्था काढल्या. सुरुवातीला तीन होत्या. पुढे अख्ख्या धरणावर मिळून २४ झाल्या (तुमच्या फ्लॅटएवढ्याच, योगायोग) आणि सगळ्या प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांकडे आला. राज्यात २००५ साली सिंचन व्यवस्थापनाचा कायदा झाला, त्याआधीची ही सुरुवात आहे.

तिथे बदललं काय? माणसं तीच, चारी तीच. पाणी मोजून मिळायला लागलं. एकरावर पट्टी होती तोवर जास्त पाणी घेणाऱ्याला फुकटच होतं. संस्थेला घनमीटरवर पाणी मोजून मिळू लागल्यावर एकाने चोरलं की ते कोणाच्या वाट्यातून गेलं हे त्याच दिवशी कळायला लागलं. आधी चोरी व्हायची ती सरकारची, आणि सरकारची चोरी झाली की गावात कोणाला राग येत नाही. नंतर ती शेजाऱ्याची झाली.

माझ्या वडिलांच्या चारीवर अजून एक रीत आहे. पाणी आधी टोकाच्या रानाला, मग भिजवत वर यायचं. टोकाच्याला आधी मिळालं की तो पट्टी भरायला कुरकुर करत नाही, आणि वरच्याला स्वतःची पाळी यावी म्हणून खालच्याचं लवकर उरकायला मदत करावी लागते. ज्याच्या हातात तोटी त्याची पाळी शेवटी.

---

मोसमखोरे | ३० मार्च, सकाळी ८:१२

कोळवणकाठ, वाघाड चांगलंच, पण आमची फड पद्धत विसरू नका भो! मोसम, आरम, गिरणा, पांझरा. बागलाणात आणि धुळ्याकडे ही काही शतकं चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे मोठे मोठे तुकडे. त्या तुकड्याला फड म्हणायचं.

यातली मेख बघा. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. ऊस म्हणजे सगळा ऊस. त्यामुळे सगळ्या फडाला पाणी एकाच वेळी लागतं, आणि मधेच कोणाचं रान अवेळी ओलं दिसलं तर आंधळ्यालाही कळतं. दुसरं, माणसाची जमीन एकाच फडात नसायची, थोडी या फडात, थोडी त्या फडात. ज्या वर्षी बंधाऱ्यात पाणी कमी, त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा, मग झळ सगळ्यांनाच थोडीथोडी. कायमचा टेलवाला कोणी नाही आणि कायमचा राजा कोणी नाही.

पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. शेतकऱ्याने स्वतः दार उघडायचं नाही. पाटकऱ्याची मजुरी शेतकरीच द्यायचे, बहुतेक धान्यात. आता धरणं झाली, विहिरी झाल्या, प्रत्येकाची मोटर वेगळी. माझ्या आजोबांच्या फडात आज निम्म्या रानात शेततळी आहेत आणि पाटात बाभळी.

---

मास्तर_गंगापूररोड | ३० मार्च, सकाळी ८:५०

मोसमखोरे, हे वाचून वर्गात परत गेल्यासारखं झालं. एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते नेमकं अशाच गोष्टींसाठी. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांनी लिहिलं होतं की सामाईक कुरण असेल तर प्रत्येक जण एक जनावर वाढवत जाणार आणि कुरण संपणार, उपाय दोनच, सरकार नाहीतर खासगी मालकी. बाईंनी स्वित्झर्लंडची कुरणं, जपानमधली गावची रानं, स्पेनमधले पाट, फिलिपाइन्सचे कालवे यांचे दाखले घेतले आणि दाखवलं की शेकडो वर्षं माणसं तिसऱ्या वाटेने चालतायत.

मला त्यातलं सगळ्यांत आवडतं ते स्पेनचं. व्हॅलेन्सियात पाण्याची पंचायत दर गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दारात बसते. तोंडी तक्रार, तोंडी निकाल. आणि स्पेनच्या त्या पाटांवरच्या जुन्या नोंदी पाहिल्या तर दंड अगदी किरकोळ. दुष्काळात चोरलेल्या पाण्याची किंमत त्याच्या किती तरी पट. मग लोक चोरत का नव्हते? कारण पाटावर पुढचा माणूस आपल्या पाळीची वाट बघत उभा असतो, आणि सापडलं की गुरुवारी चारचौघांत उभं राहावं लागतं. पहिला दंड शिक्षा म्हणून नसतो. "दिसलं बरं का" एवढंच सांगायला असतो.

---

चहाबाज | ३० मार्च, सकाळी ९:००

फळा! फळा! मी काय वेगळं म्हणतोय?

---

नवी_भाडेकरू | ३० मार्च, सकाळी ९:२२

चहाबाज, माझं नाव फळ्यावर लागलं होतं. मी पैसे दिले नाहीत. उलट सेक्रेटरींच्या मुलाची स्कूटर कुठे लागते याचे फोटो काढून ग्रुपवर टाकले. मला त्याचा अभिमान नाही, पण काढले.

---

मास्तर_गंगापूररोड | ३० मार्च, सकाळी १०:०५

ताईंनी प्रांजळपणे सांगितलं ते संशोधनातही आहे. त्याच खेळात पुढे एक सोय दिली. दुसऱ्याला दंड करता येतो, पण त्यासाठी स्वतःचं एक नाणं घालवायचं, समोरच्याची तीन जातात. पुन्हा कधी गाठ पडणार नाही अशा लोकांनाही माणसं पदरचं घालून दंड करतात, आणि भांड्यातली रक्कम वाढते. २००२ चा हा निष्कर्ष वाचून आम्ही मास्तर लोक फार खूश झालो होतो. मग २००८ मध्ये हाच खेळ जगातल्या १६ शहरांत खेळला गेला. बॉस्टन, कोपनहेगनमध्ये अपेक्षेप्रमाणे. पण अथेन्स, मस्कत अशा ठिकाणी भलतंच निघालं. लोक देणाऱ्यालाच दंड करत होते. काही अंशी सूड, काही अंशी "मोठा आलाय शहाणा". तिथे दंडाची सोय असूनही भांडं फारसं भरलं नाही.

चोवीस फ्लॅटची सोसायटी बॉस्टनसारखी वागेल की मस्कतसारखी, हे फळा लावण्याआधी सचिवांनाच ठरवायचंय.

दुसरा धोका वेगळाच. इस्रायलमध्ये हैफाच्या दहा पाळणाघरांत पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे. सहा ठिकाणी उशिरासाठी छोटा दंड ठेवला. उशिरा येणारे कमी व्हायच्या ऐवजी जवळपास दुप्पट झाले. आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज होती, आता दहा शेकेल मोजले की मोकळे. दंड काढून घेतला तरी ती लाज परत आली नाही.

---

सातपूरचा_फिटर | ३० मार्च, सकाळी १०:३०

मग दंड छोटा ठेवायचा की नाही ठेवायचा? स्पेनचा छोटा चालतो, इस्रायलचा चालत नाही. मास्तर, गोंधळ झाला राव.

---

भिशीवाली | ३० मार्च, सकाळी ११:१५

फिटरभाऊ, गोंधळ कसला. स्पेनमध्ये पाटावर शेजारी उभा असतो. पाळणाघरात बिलात आकडा चढतो. पैसे तेवढेच, पण एकात कोणाच्या तरी डोळ्यांना डोळा द्यावा लागतो.

सचिवदादा, तुम्ही दोन हजार एकदम गोळा करता ना? मग ते पैसे तुमच्या खात्यात जातात आणि तिथून नाहीसे होतात. कोणाच्या पैशाने कोणता टँकर आला, कोणालाच दिसत नाही. भिशीसारखी पाळी लावा ना. टँकर आला की ज्याची पाळी त्याने खाली उतरून टँकरवाल्याच्या हातात सोळाशे ठेवायचे.

---

मोसमखोरे | ३० मार्च, सकाळी ११:४०

पाणीपाळी! नाव पण तयारच आहे.

---

अडाणी_वकील | ३० मार्च, दुपारी १२:०५

ठराव करून घ्या. कुलूपबंद फ्लॅटचं काय तेही त्याच ठरावात लिहा. आणि जमा झालेले २६ हजार आधी परत करा, नाहीतर तेराजण दोनदा देतील आणि पुढच्या वर्षी तेही जातील.

---

सचिव_नाइलाजाने | ११ एप्रिल, रात्री १०:०२

सभा झाली. दीड तास. त्यातला एक तास माणशी की घरटी यावर. शेवटी घरटी राहिलं, पण गाड्या पाइपने धुवायच्या नाहीत असं ठरलं (३०२ गैरहजर). कुलूपबंद दोघांनी मिळून एक टँकर. पुण्याच्या मालकांनी फोनवर हो म्हटलं आणि म्हणाले, "दोन वर्षांत पहिल्यांदा तुम्ही शिव्या न देता फोन केलात."

२६ हजार ज्याचे त्याला परत केले. १० जूनपर्यंतच्या पाळ्यांची यादी चिठ्ठ्या टाकून एकदम लावली. काही घरांना दुसरी पाळी येते, ती पुढच्या वर्षी वळती होईल. चुकलेली पाळी यादीच्या शेवटी. काल पहिला टँकर आला. पहिली पाळी निघाली आजींची! त्या खुर्ची घेऊन आधीच गेटवर येऊन बसल्या होत्या. टँकर पूर्ण रिकामा होईपर्यंत उठल्या नाहीत. ड्रायव्हर म्हणाला, आजवर कोणी टाकीत डोकावून बघितलं नव्हतं.

---

चहाबाज | ११ एप्रिल, रात्री १०:१५

यादी कुठे लावलीत?

---

सचिव_नाइलाजाने | ११ एप्रिल, रात्री १०:१८

गेटवर. हो, फळ्यावर. पण त्यावर थकबाकी नाही, पाळी आहे.

---

सचिव_नाइलाजाने | १५ मे, सकाळी ७:५०

काल १४ तारखेला ३०२ ची पाळी होती. गृहस्थ सकाळीच गावाला गेले. टँकरवाला थांबला, फोन लागेना, तो निघून गेला. मी मुद्दाम पैसे काढले नाहीत. बायको म्हणाली काढा, भांडण नको. नाही काढले. संध्याकाळी टाकी कोरडी.

गंमत म्हणजे माझ्याकडे एकही तक्रार आली नाही. दोन वर्षांत पाणी गेलं की फोन मला यायचा. काल सगळे यादी बघून आपसात बोलत होते. "बघू" म्हणणारे ते काका आज सकाळी वर आले आणि म्हणाले, माझी पाळी २० ला आहे, उद्याची घेतो, पोरं शाळेच्या शिबिराला जातात त्यांची अडचण नको.

३०२ ची पाळी आता यादीच्या शेवटी, ९ जूनला गेली. दुसरे अस्सल होते त्यांनी २ मेला मुकाट दिले. टँकरवाल्याकडे सुट्टे मागितले, पण दिले.

---

सातपूरचा_फिटर | १५ मे, सकाळी ८:२०

तुम्ही पैसे काढले नाहीत हेच बेस्ट काम. आमच्याकडे एक सुपरवायझर होता, कोणाचं काम राहिलं की स्वतः करून टाकायचा. साधा देवमाणूस. त्याच्या शिफ्टला सगळ्यांत जास्त कामचुकार.

---

नवी_भाडेकरू | १५ मे, रात्री ८:४५

हा धागा आमच्या सेक्रेटरींना पाठवला. उत्तर आलं नाही, पण निळी टिक आली आहे.

---

सचिव_नाइलाजाने | १० जून, सकाळी ६:४०

शेवटचा निरोप. ८ तारखेला रात्री मृगाचा दणक्यात पाऊस झाला. आमच्या गच्चीचं पाणी खालच्या टाकीत वळवलेलं आहे, ती काठोकाठ भरली. ९ चा टँकर रद्द केला.

म्हणजे ३०२ यंदाही सुटले. काल लिफ्टमध्ये भेटले तर मला म्हणाले, "काय सचिवसाहेब, देव आहे की नाही?"

---

भिशीवाली | १० जून, सकाळी ७:०५

आहे ना. पुढच्या वर्षी त्यांची चिठ्ठी टाकू नका. पहिला नंबर.